एक तिथी, दोन मध्यान्हे : कुंडलिकेच्या तीरावरून न्यूयॉर्कपर्यंत

भाद्रपद शुद्ध चतुर्थी पंचांगात जेव्हा यावयाची तेव्हा येते. पेणच्या आळ्यांतून ती त्याच्या कितीतरी आधी अवतरलेली असते. इकडे चैत्रपालवी फुटत असते आणि तिकडे पेण, हमरापूर, जोहे या गावांच्या कारखान्यांतून गजाननाच्या मूर्ती ओळीने उभ्या राहू लागतात. परदेशी जावयाच्या मूर्तींची घाई त्याहूनही अधिक. पेटीत पेंढा भरून, न्हावाशेवा बंदरातून बोटीने त्यांना सातासमुद्रापलीकडे जावयाचे असते. तेव्हा आमच्याकडे आंब्याला मोहर असतानाच तिकडच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी पुरी झालेली असते.

२०२५ सालच्या रामनवमीस रोह्यास आमचे कीर्तन होते. उत्तररंग आटोपला, आरती झाली, मंडळी पांगली. पण एक वृद्ध माउली खांबाला टेकून बसून राहिल्या. जवळ येऊन त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बुवा, एक विचारू? घरचा गणपती समुद्रापलीकडे न्यावा का?"

प्रश्न चार शब्दांचा, पण त्यामागे चार पिढ्या उभ्या होत्या. माईंचे यजमान निवर्तून वर्षश्राद्धही होऊन गेलेले. एकुलता एक मुलगा न्यूयॉर्क नगरीत, क्वीन्स नावाच्या विभागात स्थायिक. भाद्रपदात त्याला रजा नाही आणि माईंच्या गुडघ्यांत आता चौरंगापुढे बसण्याचे बळ नाही. मुलाने पेणला मूर्ती सांगून ठेवली होती. अक्षय्यतृतीयेपूर्वी पेटी बंदरावर जावयाची, म्हणून उत्तर लवकर हवे होते.

सुज्ञ वाचकहो, येथे आम्हांस आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. तीस वर्षांपूर्वी असाच प्रश्न दुसऱ्या एका घराने आम्हांस विचारला होता. तेव्हा तारुण्यातील विद्वत्तेच्या भरात कलिवर्ज्यातील समुद्रोल्लंघनाचा निषेध सांगून, "मूळ घरचे दैवत हलवू नये," असा निर्णय आम्ही देऊन टाकला. त्या घराने तो शिरोधार्य मानला. पण मुले परत आली नाहीत आणि आईवडील गेल्यावर गणपती येईनासा झाला. आज त्या घराला कुलूप आहे, आणि नातवंडांना गणपती ठाऊक आहे तो चित्रातला. शास्त्राचे वचन आम्ही राखले, पण त्या घरातील उपासना आमच्या शब्दाने विझली, ही टोचणी अद्यापि जात नाही.

म्हणून या खेपेस माईंना उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्या नगरीचे स्मरण केले. कारण २०१८ सालच्या भाद्रपदात कीर्तनसेवेच्या निमित्ताने ती आम्ही डोळ्यांनी पाहिली होती.

न्यूयॉर्क म्हणजे केवळ गगनचुंबी इमारती, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती मूळची डच व्यापाऱ्यांची वसाहत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसली तेव्हा तिचे नाव न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ साली इंग्रजांनी ती घेतली आणि न्यूयॉर्क हे नाव दिले. आपल्याकडे त्याच वर्षी शिवछत्रपतींनी सुरतेवर स्वारी केली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे काळाचा अंदाज येईल. १८४२ मध्ये तेथे क्रोटन नदीचे पाणी दूरवरून पाटाने आणले गेले, १८९८ मध्ये पाच विभाग मिळून आजचे महानगर झाले, आणि १९०४ मध्ये भुयारी आगगाडी धावू लागली.

त्याच आगगाडीने आम्ही क्वीन्समधील फ्लशिंग या वस्तीस गेलो. डब्यात नाना देशांची माणसे आणि नाना भाषांचा कल्लोळ. पंढरीच्या वाळवंटाची आठवण व्हावी असा. शेवटच्या स्थानकावर उतरून बाउन स्ट्रीट नावाच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर एक जुने लाकडी घर आहे. जॉन बाउन नावाच्या गृहस्थाने ते १६६१ च्या सुमारास बांधले. क्वेकर पंथाच्या लोकांना उपासनेसाठी जमण्यास तेव्हाच्या डच राज्यपालाची, पीटर स्टायव्हेसंटची, बंदी होती. तिच्याविरुद्ध १६५७ साली फ्लशिंगच्या तीस रहिवाशांनी सह्यांचा अर्ज केला होता. पुढे बाउनने तर आपल्याच घराचे दार त्या लोकांना उघडे केले. १६६२ मध्ये त्याला अटक झाली. दंड भरण्यास तो नकार देत राहिला, म्हणून त्यास हद्दपार करण्यात आले. त्याने हॉलंडमध्ये जाऊन कंपनीपुढे गाऱ्हाणे मांडले. १६६३ साली कंपनीने राज्यपालास कळविले की, कोणाच्या श्रद्धेवर जबरदस्ती करू नये. बाउन सन्मानाने घरी परतला.

आता योगायोग पाहा. त्याच रस्त्यावर थोडे पुढे गेले की गोपुर दिसते! श्री महावल्लभ गणपतीचे ते देवस्थान. ४ जुलै १९७७ रोजी तेथे कुंभाभिषेक झाला, आणि २०२२ साली त्या रस्त्यास 'गणेश टेम्पल स्ट्रीट' हे सन्माननामही मिळाले. १९६५ च्या कायद्याने आपल्या लोकांना त्या देशाची दारे मोकळी झाली. पण देवाला त्या गल्लीत निर्भयपणे बसता आले, त्याचे बीज तीनशे वर्षांपूर्वी एका परधर्मीय गृहस्थाने सोसलेल्या हद्दपारीत होते, असे आम्हांस वाटते. देवदर्शन घेऊन परतताना त्या लाकडी घरापुढेही आमचे हात आपोआप जोडले गेले.

मराठी माणसाला ही नगरी परकी नाही. १८८३ च्या जून महिन्यात अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी बोटीतून याच बंदरात उतरल्या. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथील कोलंबिया विद्यापीठात शिकावयास आले. आता तर येथील कित्येक बिऱ्हाडांत उकडीचे मोदक होतात. जागा लहान, कापूर पेटविला की छतावरची धुराची घंटा ठणाणू लागते, म्हणून आरतीपूर्वी खिडक्या उघडतात. आम्ही उतरलो होतो तेथे शाडूची मूर्ती मोठ्या टोपात विसर्जित झाली, आणि ती माती मुलांनी तुळशीच्या कुंडीत घातली. त्या मुलांचे उच्चार अडखळत होते, पण हात जोडलेले होते.

संकल्पाचे काय? आपण पेण-रोह्यास जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचे दक्षिण तीर असे स्थळ उच्चारतो. तिकडील पुरोहित क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात. स्थळ बदलले म्हणून संकल्प थांबत नाही; उलट संकल्पातच स्थळाचा निर्देश असतो, तो यासाठीच.

हे सारे आठवून आम्ही म्हणालो, "माई, आपला गणपती पार्थिव. दरवर्षी मातीत आवाहन करायचे आणि निरोप द्यायचा. तो हलवायचा नसतोच, बोलवायचा असतो. जेथे मुलगा श्रद्धेने बोलवील तेथे तो येईल. मुलाला करू द्या. येथे तुम्ही सुपारीवर पूजा करा. पुरोहितास घरी बोलवा, तुम्ही खुर्चीवर बसा. दिवा विझू देऊ नका."

माईंनी डोळे पुसले. "म्हणजे घर सुनं नाही राहायचं ना, बुवा?" आम्ही म्हणालो, "दोन्ही घरे भरलेली राहतील."

पुढे पंचांगाने आमच्या शब्दावर जणू मोहोर उठविली. गणेशपूजन मध्यान्हव्यापिनी चतुर्थीस करावे, असा नियम. त्या वर्षी चतुर्थी लागली २६ ऑगस्टला, आपल्या घड्याळाने दुपारी दोनच्या सुमारास, आणि संपली दुसऱ्या दिवशी पावणेचारच्या सुमारास. तेव्हा आपल्याकडे पूजन २७ तारखेस. पण न्यूयॉर्कचे घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे. तेथे चतुर्थी २६ च्या पहाटेच लागली, म्हणून मध्यान्ह त्याच दिवशी साधले.

हरितालिकेच्या रात्री साडेनऊस माईंनी दूरध्वनीच्या पडद्यावर मुलाची प्राणप्रतिष्ठा पाहिली. पेणची मूर्ती, तिकडची दुपार. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिकेच्या तीरावर त्यांनी स्वतः सुपारीवर अक्षता वाहिल्या. मध्ये रात्र गेली, पण तिथी तीच होती. एकाच चतुर्थीत दोन मध्यान्हे, आणि एकाच घराचे दोन गणपती!

ज्यांच्या घरी यंदा असाच प्रश्न पडला असेल, त्यांनी आमची जुनी चूक करू नये, एवढीच प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!