बुकिंग नको, ओळख पुरे

परीक्षा संपली, मे महिना लागला आणि घरात ‘कुठेतरी जाऊ या’चा धोशा सुरू झालाय? हॉटेलची अ‍ॅप्स नंतर उघडा. आधी बाबांच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स चाळा. नावापुढे ‘श्रीवर्धन’, ‘दापोली’, ‘गुहागर’ असं लावून सेव्ह केलेली माणसं सापडतील. दर दिवाळीला ‘एकदा या हो’ म्हणणारी. झाला की तुमचा रूट!

मुंबई-गोवा हायवे मात्र विसरायचा. अलिबाग-मुरुडवरून किनारा धरायचा आणि आडव्या येणाऱ्या खाड्या गाडीसकट बोटीने ओलांडायच्या. हीच ती जंगलजेटी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर चिपळूणचा भलामोठा वळसा पडतो. बोटीत चढलात की थोड्याच वेळात पलीकडे. हँडब्रेक ओढा, खाली उतरा, कठड्याला टेकून वारा खा. शेवटची बोट कधी, ते तेवढं आधी विचारून ठेवा.

आम्ही गेल्या मे महिन्यात असेच सहा दिवस भटकलो. रोज जेमतेम दोन-तीन तास ड्रायव्हिंग, बाकी वेळ कुणाच्या तरी ओटीवर. गेल्या गेल्या कोकम सरबत, मग ‘आधी जेवून घ्या’. आणि आपल्या बाबांना कुणीतरी ‘काय रे गाढवा, पोट बघ केवढं सुटलंय’ म्हणतंय, हे ऐकण्यातली मजा कुठल्याच रिसॉर्टमध्ये नाही. आई तर मागच्या दारी मैत्रिणीबरोबर गरे सोलत जी बसली, ती दुपार कलली तरी उठेना.

श्रीवर्धनला गेलात तर सुपारीची वाडी नुसती फोटोपुरती बघू नका. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. तेव्हा बाबांनी फोन केला, तर काका ‘आम्ही ठीक’ एवढंच म्हणाले होते. वाडीत उभं राहिल्यावर त्या ‘ठीक’चा अर्थ कळला. वडिलांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या होत्या. सुपारी फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. काकांनी तरीही रोपं लावली, शिंपली. मुलगा पुण्यात नोकरीला, तो परत येईल याची खात्री नाही. ‘मग लावलीत कशाला?’ मी विचारलं. ‘जागा रिकामी बघवत नाही गं,’ म्हणाले आणि पाट वळवायला गेले. बाबा त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, तो मुक्काम त्यांनीच एक रात्र वाढवला.

हां, सरप्राइज द्यायला जाऊ नका. मासे सकाळी बाजारात जाऊन आणावे लागतात, आदल्या दिवशी फोन हवाच. शिवाय १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे मे सरायच्या आत निघा. जाताना बाकरवडी न्या, चालते. येताना डिकीत जागा ठेवा. आंबे एकवेळ नको म्हणता येतात, फणस नाही.