मागच्या सीटवर बसून पाहा

भंडारा जिल्ह्यात कोणी पाऊण कोटीची सेडान घ्यायचं ठरवलं, तर ती बघायला त्याला नागपूर गाठावं लागतं. तिथे चाचणी म्हणजे वर्धा रोडने सरळ जायचं, एका चौकातून वळायचं आणि परत यायचं. तेवढ्या वेळात पडद्यांचे रंग बघून होतात, स्पीकरचा आवाज ऐकून होतो, एकदा जोरात पिकअप घेऊन होतो. गाडी मात्र कळत नाही. जी गाडी पुढची दहा वर्षं पहेला, अड्याळ, पवनी, लाखनी, तुमसर या रस्त्यांवर धावणार आहे, तिची परीक्षाही तिथेच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ऐन रोवणीच्या दिवसांत, पाऊस सुरू असताना, चाचणीची गाडी भंडाऱ्याला मागवली. गुडघ्यांमुळे एसटीचा प्रवास सोडलेल्या आईला मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो.

गाडी मर्सिडीज-बेंझची नवी ई-क्लास, लांब व्हीलबेसची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती भारतात आली, तेव्हा किंमत साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून सुरू होत होती. तिची जुळणी होते आपल्या चाकणला. १९९५ मध्ये या कंपनीने भारतात तयार केलेली पहिली गाडीही ई-क्लासच होती, आणि तीही पुण्यातच. लांब व्हीलबेसची, उजव्या बाजूच्या स्टीअरिंगची ई-क्लास २०१७ पासून भारतासाठी मुद्दाम बनवली जाते. कारण सरळ आहे. इथे एवढी महाग गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा मागे बसतो, आणि तो नसला तर त्याचे आईवडील बसतात.

अशा गाड्या मुंबई-पुण्याच्याच, हा समज औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी ऑक्टोबर २०१० मध्येच मोडला होता. तिथल्या उद्योजकांनी, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. जिल्ह्याच्या ठिकाणचा ग्राहक एकजुटीने उभा राहिला तर मोठी कंपनीही त्याच्या दारात येते, हे त्या खरेदीने दाखवलं. पूर्व विदर्भातल्या ग्राहकाने ते ध्यानात ठेवावं.

आता गाडीकडे येऊ. लांबी ५,०९२ मिलिमीटर आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ३,०९४ मिलिमीटर. माहितीपत्रकात हा दुसरा आकडा अश्वशक्तीच्या खाली बारीक अक्षरात असतो. माझ्या मते या वर्गाच्या गाडीत सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तोच. गाडीच्या आरामाचं मूळ त्यात आहे आणि आपल्या रस्त्यांवरची तिची अडचणही त्यातच आहे.

आधी आराम. रस्त्यातला उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने या गाडीला दोन्हींमध्ये सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो. पुढचा भाग वर उसळून खाली येत असताना मागचा वर जायला लागला, तर बसलेल्या माणसाचं डोकं पुढेमागे हेलकावतं. पोटात ढवळतं ते या हेलकाव्याने. गाडी सपाट वरखाली झाली तर शरीराला त्याचा फारसा त्रास होत नाही. रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात यावर मूलभूत काम केलं. मागच्या स्प्रिंगांची लय पुढच्यांपेक्षा किंचित जलद ठेवली, तर उशिरा उसळलेली मागची बाजू पुढच्या बाजूला लवकर गाठते आणि दोन्ही जवळजवळ एकत्र स्थिरावतात, हे त्याने प्रयोग करून दाखवलं. आजही आरामदायी गाडी जुळवणारे अभियंते तिथूनच सुरुवात करतात.

लांब व्हीलबेसचा फायदा असा की तेवढ्याच उंचवट्यावर गाडी कमी कलते. शिवाय मागची सीट मागच्या चाकांच्या डोक्यावर न येता त्यांच्या पुढे सरकते. छोट्या गाडीत मागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा कमरेत कळतो, कारण तो जवळजवळ चाकावरच बसलेला असतो. पहेल्यापासून अड्याळपर्यंत मी मुद्दाम मागे, आईशेजारी बसलो. पावसाने उघड्या पडलेल्या खडीवरून गाडी जात होती, चाकांचा आवाज कानावर येत होता, पण कमरेपर्यंत काही पोहोचत नव्हतं. हातातल्या बाटलीतलं पाणी हलत होतं, सांडत नव्हतं. मागची पाठ ३६ अंशांपर्यंत कलते आणि मांडीखालचा आधार पुढे येतो. पाठ कलवून घेतल्यावर आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बसाले खोल आहे रे बाबू, पन पाठ टेकली का झोपच येते."

तिच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग विक्रीच्या बोलण्यात कधी येत नाही. सेडान ही जातच बुटकी. तिची सीट गुडघ्याच्या पातळीखाली असते. बसताना शरीर सोडून देता येतं, उठताना मात्र सगळा भार मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येतो. उंच एसयूव्हीत उलटं होतं. उतरणं सोपं, पण चढताना पाय उचलावा लागतो आणि लुगडं-साडीत ते अवघड जातं. यांतलं कोणतं दुखणं घरच्या माणसाला सोसवेल, हे त्या माणसाला प्रत्यक्ष बसवल्याशिवाय समजत नाही. म्हणून चाचणीला घरातली सर्वांत वयस्क व्यक्ती न्यावी. तिला निदान चार वेळा बसवावं, उतरवावं. दार पूर्ण उघडायला जागा नसेल अशा ठिकाणी, घराच्या गल्लीत किंवा बाजारात, हे करून बघावं. अड्याळला आईला उतरताना हात द्यावा लागला. परत बसताना लागला नाही.

आता अडचण. गाडीच्या पोटाखालच्या जागेचं गणित फार कमी लोक करतात. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधक कसा असावा हे ठरवून दिलंय: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो त्रास न होता ओलांडता यावा, ही अपेक्षा. या मापाच्या गतिरोधकावर आमची गाडी मधोमध आली की तिची चारही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि चाकांच्या मधली फुगी भरते साधारण ७० मिलिमीटर. २.६ मीटर व्हीलबेसच्या छोट्या गाडीखाली तीच फुगी ५० मिलिमीटर भरते. म्हणजे लांब गाडीला २० मिलिमीटर जागा जास्त लागली, एवढंच. नियमाने बांधलेल्या गतिरोधकाला कोणत्याही सेडानने भ्यायचं कारण नाही.

गावातला ब्रेकर वेगळा. शाळेसमोर अपघात होतो, लोक चिडतात, आणि रातोरात डांबराचा किंवा मुरमाचा अरुंद वरंबा उभा राहतो. त्यांचा राग मला समजतो. भरधाव गाड्यांपासून पोरांना वाचवायला त्यांच्या हातात दुसरं काही नसतं. पण वरंबा अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असला, तर पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे सपाटीवर उतरतात आणि पूर्ण १५ सेंटिमीटर पोटाखाली येतात. आलिशान सेडानची पोटाखालची जागा साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिमीटर असते, तीही गाडी रिकामी असताना. त्यात चार माणसं आणि डिकीत तांदळाचा कट्टा पडला की स्प्रिंगा दबतात. ब्रेकर तिरका घेतला की चाकं एकेक करून चढतात आणि दरवेळी गाडीचा एखादा कोपरा उचललेला राहतो, त्यामुळे निभावून जातं. आम्ही सगळे ब्रेकर तसेच घेतले. पण त्यासाठी समोरून येणाऱ्याला थांबावं लागतं, रस्ता अरुंद असेल तर धान लावायला निघालेल्या बायांना कडेला सरकावं लागतं. म्हणून रिकाम्या गाडीची चाचणी अर्धवट. जेवढी माणसं आणि सामान रोज असणार, तेवढं भरूनच गाडी ब्रेकरवर न्यावी.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट तपासता येते. बांध्यांमध्ये चिखलणी करणारे ट्रॅक्टर लोखंडी केज व्हीलसह रस्त्यावर येतात. त्या चाकांनी डांबर खरवडलं जातं आणि बांधीतला चिखल रस्त्यावर पसरतो. अशा ओल्या चिखलावर हलका ब्रेक मारला, तेव्हा गाडीने सरळ रेष सोडली नाही. आमची ई-क्लास मागच्या चाकांवर चालते. त्यामुळे चिखलात वळताना एकदम एक्सलरेटर दाबू नये. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाकांची ताकद आवरते, पण टायरला पकडच मिळाली नाही तर तिचाही इलाज नसतो.

चालकाला सोबत करणाऱ्या रडार-कॅमेऱ्यांच्या यंत्रणा आता या वर्गात सगळीकडे आल्या आहेत. त्यांतल्या गाडीला लेनमध्ये ठेवणाऱ्या यंत्रणेला रस्त्यावरचे पांढरे पट्टे लागतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ते असतात, गावरस्त्यावर क्वचित. टेललाइट नसलेली ट्रॉली किंवा अंधारात बसलेलं जनावर ओळखण्याची जबाबदारी माणसाचीच. साकोलीच्या पुढे देवरीकडे हा महामार्ग नवेगाव आणि नागझिरा जोडणाऱ्या जंगलातून जातो. तिथे रात्री वेग कमी ठेवायला कोणत्याही यंत्रणेची आठवण यायला नको.

शांततेबद्दल थोडं. या गाडीच्या पेट्रोल ई २०० प्रकारात दोन लिटरचं चार सिलिंडरचं २०४ अश्वशक्तीचं इंजिन आहे आणि त्याला ४८ व्होल्टची छोटी मोटर जोडलेली आहे. ही मोटर जास्तीची २३ अश्वशक्ती देते, पण तिचं खरं काम जाणवतं ते कारध्याजवळ वाहनांच्या रांगेत. इंजिन बंद होतं, पुन्हा सुरू होतं, आणि नेहमीच्या स्टार्टरचा तो झटका येत नाही, कारण मोटर इंजिनाला आधी हवं तेवढं फिरवून मगच इंधन पेटू देते. मागे डोळे मिटून बसलेल्याला यातलं काही कळत नाही. मला या गाडीची श्रीमंती तिथे सापडली. डॅशबोर्डभर पसरलेल्या पडद्यांत ती मला दिसली नाही.

वैनगंगा ओलांडून लाखनीच्या वाटेला लागलं की गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. १९८० च्या दशकापासून तिथे ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनतात. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. वाहनांचे भाग ज्या मिश्र पोलादातून घडवले जातात ते तिथे तयार होतं. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. आपल्याकडे मोटारीविषयी बोलताना जर्मनीचं, जपानचं नाव निघतं. या ठिकाणांचं निघत नाही, याची मला खंत वाटते. मँगनीजवाचून मोटारीचं पोलाद होत नाही. अपघातात माणसाला वाचवणारा दोन दारांमधला खांब आजकाल बोरॉन आणि मँगनीज मिसळलेल्या पोलादाचा करतात. त्यात मँगनीज असतं सव्वा टक्क्याच्या आसपास. पत्रा ९०० अंशांच्या वर तापवतात आणि गरम असतानाच साच्यात दाबून झटकन थंड करतात. साध्या पत्र्याच्या कितीतरी पट ताकद त्याला येते, आणि तो पातळ ठेवता येत असल्याने गाडीचं वजनही आटोक्यात राहतं. गडेगावच्या गिअरबॉक्समधले दाते असोत की या सेडानच्या नऊ गिअरच्या स्वयंचलित पेटीतले, दोन्हींचा धातुशास्त्राचा पाया एकच: पृष्ठभाग झिजू नये इतका कठीण, आणि गाभा तुटू नये इतका चिवट. भंडाऱ्याचे कामगार चाळीस वर्षं हे काम करत आले आहेत.

पैशाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सेडानवरचा कर, जीएसटी आणि उपकर मिळून जो ४८ टक्के होता, तो ४० टक्के झाला. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांपुढच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर तो आणखी जास्त.

गाडी चांगली आहे का? मागे बसणाऱ्यासाठी फारच चांगली. आठवड्यातून दोनदा भंडारा ते नागपूर दवाखान्यासाठी किंवा कोर्टासाठी जाणं होत असेल आणि ऐपत असेल, तर या पैशात शरीराला एवढं सांभाळणारी दुसरी वस्तू मिळणं कठीण. ज्याचं शेत पवनी-लाखांदूरच्या आतल्या भागात आहे आणि ज्याला रोज पांदण रस्त्याने जावं लागतं, त्याने ही घेऊ नये. कोणतीच लांब सेडान घेऊ नये. घेणाऱ्याने सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: टायर फाटला तर त्याच मापाचा टायर किती दिवसांत मिळेल, लाखनी किंवा तुमसरला गाडी बंद पडली तर ती उचलायला किती तासांत कोण येईल, आणि डिकीतलं जादा चाक पूर्ण मापाचं आहे की तात्पुरतं.

नागपूरच्या विक्रेत्यांकडे एक मागणी आहे. महिन्यातला एक दिवस चाचणीच्या गाड्या भंडारा, साकोली आणि तुमसरला आणाव्यात, चावी ग्राहकाच्या हातात द्यावी आणि त्याने सांगितलेल्या रस्त्याने, त्याच्या घरची माणसं बसवून गाडी जाऊ द्यावी. पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्याच्या उन्हात एकदा.