पडद्यावरचे गाणे (लेखांक ९) : आवाज एकाचा, मुख दुसऱ्याचे

दर्शकसंख्या कशी मोजतात याचा हिशेब आज मांडण्याचे वचन मी दिले होते. परंतु कराडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पत्र आले आणि त्यातील प्रश्न इतका मर्माचा निघाला, की तो हिशेब एक आठवडा तहकूब करणेच मला उचित वाटले. बाई विचारतात, ‘संगीतवाहिन्यांवरून गाणे हद्दपार झाले असे आपण लिहिता, मग २००८-०९ साली आम्ही सारे घर ज्या ‘लिटल चॅम्प्स’ या मुलांच्या गायनस्पर्धेपुढे जेवणे उरकून बसत होतो, तिथे गाण्यावाचून दुसरे काय होते?’

या प्रश्नाचे उत्तर शोधायला सांगलीलाच जावे लागते, आणि तेही १८४३ सालच्या. विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यानुरूप अभिनय करून आयत्या वेळची भाषणे करीत. आवाज एकाचा आणि मुख दुसऱ्याचे, हा त्या नाटकाचा दस्तूरच होता. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्र स्वतःच्या कंठाने आपले पद गाऊ लागले, आणि गाणारा व दिसणारा एक झाला.

दूरचित्रवाणीने हाच प्रवास पुन्हा केला. १९९४ साली चॅनेल व्ही आणि १९९६ साली एमटीव्हीची भारतीय वाहिनी सुरू झाली, त्या काळात गाण्याची चित्रफीत ध्वनिमुद्रण कंपनी स्वखर्चाने करी आणि वाहिनीच्या पदरी तयार माल पडे. २००२ च्या ‘ऐका दाजीबा’त आवाज वैशाली सामंत यांचा, पण पडद्यावर इशिता अरुण! व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता. तथापि एक गाणे आवडले नाही की प्रेक्षक वाहिनी बदलतो, आणि जाहिरातदाराला तर ठरल्या वेळी ठाण मांडून बसणारा प्रेक्षक हवा असतो. पुढच्या भागाची ओढ लावणारी कथा त्याला बांधून ठेवते, गाणे ठेवीलच असे नाही. म्हणून २००३ साली एमटीव्हीवर ‘रोडीज’ हा रिअॅलिटी शो आला आणि २०१२ साली चॅनेल व्हीने संगीत सोडून युवकांच्या मालिकांची कास धरली. जिथे गाणे टिकले, तिथे ते स्पर्धेच्या आश्रयाने टिकले.

‘लिटल चॅम्प्स’च्या परीक्षकपदी अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत बसले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. चित्रफितींच्या काळात घरोघर पोहोचलेला आवाज आता समोर आला होता, आणि त्याच्यापुढे कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही मुले स्वतःच्या कंठाने गात होती. सातारा-सांगलीच्या ज्या घरांत नाट्यपद आजोबांबरोबरच मावळले होते, तिथे ते नातवंडांच्या तोंडी पुन्हा आले. हे ऋण मी मनःपूर्वक मान्य करतो.

मात्र किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’साठी पदे नवी रचली होती. चित्रफितीने मुख उसने आणले, पण तिच्याबरोबर गाणे नवे येई. स्पर्धेने गायक नवा दिला आणि गाणे जुने घेतले. नाटकगृहातला ‘वन्स मोअर’ पदाला मिळत असे. मोबाइलवरून धाडलेले मत मुलाला मिळते. सांगलीतील एक वयोवृद्ध गायनशिक्षक मला म्हणाले होते, “पूर्वी पालक म्हणायचे, ‘गुरुजी, याला गाणं शिकवा.’ आता म्हणतात, ‘एवढं गाणं बसवून द्या.’” शिकलेला मुलगा उद्या स्वतःची चाल बांधू शकेल, बसवून दिलेल्या गाण्याची मुदत स्पर्धेबरोबर संपते.

तेव्हा बाई, तिथे गाणे होतेच, आणि उत्तमही होते. नव्हते ते नवे गाणे. अंतिम फेरीतल्या प्रत्येक स्पर्धकाने एक तरी नवी रचना गावी, असा नियम एखाद्या मराठी वाहिनीने केला, तर कवीला आणि संगीतकारालाही त्या मंचावर जागा मिळेल. मोजणीचा हिशेब पुढील आठवड्यात.