चंद्रापलीकडचं द्रव्य

माणूस गेला की आपण म्हणतो, त्याला पंचत्व प्राप्त झालं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या ज्या पाचांतून तो घडला, त्यांतच तो परत गेला. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की ग्रीकांनीही पाचवं तत्त्व मानलं होतं असं वाचलं की वाटतं, ‘म्हणजे आपलं आकाशच की ते!’ मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण ते आकाश नव्हे. दोन्ही विचार शेजारी ठेवून नीट पाहिले तर प्रत्येकाची झेप वेगळी दिसते.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसनं माती, पाणी, हवा आणि अग्नी ही सृष्टीची चार मुळं सांगितली. पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलनं या चौघांची चाल पाहिली. दगड सोडला की खाली येतो, ज्वाला वर जाते. दोन्ही सरळ रेषेत जातात आणि आपल्या जागी पोचले की थांबतात. तारे मात्र गोल फिरतात आणि कधीच थांबत नाहीत. तेव्हा ते या चौघांपैकी कशाचेही नसणार. ते जड नाहीत, हलके नाहीत, जन्मत नाहीत, झिजत नाहीत. ‘आकाशाविषयी’ या ग्रंथात त्यानं या द्रव्याला पहिलं म्हटलं. पाचवं हा क्रमांक नंतरच्यांनी पक्का केला. ‘ईथर’ हे त्याचं जुनं ग्रीक नाव. त्याची फोड अ‍ॅरिस्टॉटल ‘सदा धावणारं’ अशी करतो.

याला भाबडी कल्पना म्हणणं अन्यायाचं आहे. त्यानं पुरावाही दिला होता: पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नोंदींत वरच्या आकाशात काही बदलल्याचं आढळत नाही. धूमकेतू उगवतात आणि मावळतात, म्हणून त्यांना त्यानं चंद्राच्या खाली, हवेच्या वरच्या थरात बसवलं. चंद्र ही सीमा. अलीकडे नाश, पलीकडे अक्षय.

आपल्या आकाशाला अशी वेसच नाही. तैत्तिरीय उपनिषदात ते पाचवं नसून पहिलं आहे. आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, मग पाणी आणि पृथ्वी. वैशेषिकांनी त्याला शब्द हा गुण दिला आणि ते एक, नित्य, सर्वव्यापी मानलं. वेदान्त्यांचा घटाकाशाचा दृष्टान्त कीर्तनात कितीदा ऐकलेला असतो: घागरीत आकाश, मठात आकाश, घागर फुटली तरी आकाश अभंग. अ‍ॅरिस्टॉटलचा ईथर स्वयंपाकघरातल्या घागरीत उतरूच शकत नाही. एक जागा देतं, दुसरं जागा अडवतं. म्हणून ‘ईथर म्हणजे आकाश’ हे सोपं समीकरण दोघांवरही अन्याय करतं.

दोन्हीकडे विरोधकही होते. चार्वाकांनी चारच भूतं मानली, कारण आकाश प्रत्यक्ष दिसत नाही. तिकडे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात झेनार्कसनं पाचव्या द्रव्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनं सूर्य अग्नीचाच आहे असा आग्रह धरला. त्याचं म्हणणं मागे पडलं, आणि पाचवं द्रव्य आणखी हजार वर्षं टिकलं.

मधल्या काळात किमयागारांनी ते भट्टीवर आणलं. चौदाव्या शतकात रुपेसिसाच्या जॉन या फ्रेंच संन्याशानं दारूच्या वारंवार ऊर्ध्वपातनातून निघणाऱ्या द्रवाला पाचवं सार म्हटलं. तो कुजत नाही, इतर गोष्टींनाही कुजू देत नाही; मग तो स्वर्गाच्या जातीचाच असला पाहिजे. आपल्याकडे या अर्थाला नेमका शब्द आहे, अर्क. योगायोग असा की ऊर्ध्वपातनाचा अर्क अरबीतून आला, आणि सूर्याला अर्क म्हणणारा संस्कृत शब्द निराळाच. मराठीत ते दोन्ही एकाच रूपात नांदतात.

मग ११ नोव्हेंबर १५७२ची संध्याकाळ आली. डेन्मार्कचा टायको ब्राहे घरी परतत होता. शर्मिष्ठा तारकासमूहात त्याला एक नवाच झगझगीत तारा दिसला. डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्यानं नोकरांना विचारलं, वाटेवरच्या शेतकऱ्यांना विचारलं. तो तारा दिवसाही दिसण्याइतका तेजस्वी झाला आणि १५७४च्या सुरुवातीपर्यंत दिसत राहिला. टायकोनं त्याची जागा पुनःपुन्हा मोजली. चंद्राच्या अलीकडची वस्तू शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेली दिसली असती. हा तारा तसूभरही सरकला नाही. म्हणजे बदल झाला होता तो अक्षय मानलेल्या प्रदेशात. १५७७चा धूमकेतूही चंद्रापलीकडचाच निघाला. या एका माणसाच्या चिकाटीपुढे मला नेहमी नतमस्तक व्हावंसं वाटतं. दुर्बिणीचा शोधही तेव्हा लागायचा होता.

तरी स्वर्गाचं द्रव्य कोणतं, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर वर्णपटानं दिलं. १८५९च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं, की प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपल्या खास रेषा उमटवतं. सूर्याच्या प्रकाशात सोडियम आणि लोह सापडलं. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ऑक्टोबरात लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, तो अभ्यासला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कशाशीच जुळेना. क्षणभर वाटावं, अ‍ॅरिस्टॉटलच खरा! ती उमटवणाऱ्या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं. १८९५मध्ये रॅमसे यांना तोच वायू युरेनियमच्या खनिजात मिळाला, आणि सूर्याचं म्हणून वेगळं काढलेलं द्रव्यही पृथ्वीवर निघालं. हेलियम विजयदुर्गावर सापडला असं कोकणात अभिमानानं सांगतात. लॉकियर विजयदुर्गावर आले होते, पण ते जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. खरी गोष्टही अभिमानास्पद आहे, तीच सांगावी.

ईथर हे नाव मात्र तगून राहिलं. प्रकाश लाट असेल तर ती कशात उठते? यंग आणि फ्रेनेल यांच्यानंतर सर्वत्र भरलेला ईथर हेच उत्तर होतं. पण आडव्या डोलणाऱ्या लाटांसाठी तो घन पदार्थासारखा ताठ हवा, आणि ग्रहांना अडथळा होऊ नये इतका विरळही हवा. १८८७मध्ये क्लीव्हलंडला मायकेलसन आणि मोर्ली यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे मांडले. सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावणाऱ्या पृथ्वीला ईथरचा वारा लागायला हवा होता. प्रकाश-काळोखाच्या पट्ट्यांचं अपेक्षित सरकणं ०.४ पट्टा होतं. दिसलं ते त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. १९०५मध्ये आइन्स्टाइन यांनी लिहिलं, की प्रकाशाचं गणित मांडायला ईथरची गरजच नाही.

१९९८मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं, की विश्वाचं प्रसरण वेगावत आहे. त्यामागच्या अज्ञात ऊर्जेच्या एका सिद्धान्ताला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ‘क्विन्टेसन्स’, म्हणजेच पाचवं सार. तो सिद्धान्त अजून सिद्ध झालेला नाही. आणि ज्या प्रकारच्या स्फोटांवरून हे प्रसरण मोजलं गेलं, टायकोचा तारा त्याच प्रकारचा होता. ताऱ्यांमधल्या धुळीवरून परतलेल्या त्याच्या जुन्या प्रकाशावरून २००८मध्ये याची खात्री पटली.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. पूजा आटोपली की दिव्यांपासून थोडं दूर जाऊन नऊच्या सुमारास उत्तरेकडे पाहा. इंग्रजी ‘एम’च्या आकारातले पाच तारे म्हणजे शर्मिष्ठा. टायकोचा तारा तिच्याच जवळ उगवला होता. नुसत्या डोळ्यांना तिथे आता काही दिसत नाही. दुर्बिणींना मात्र त्या स्फोटाचं कवच आजही पसरताना दिसतं.