मोटारसायकलीच्या जनित्राचे रूपांतर व दोषशोधन

लांब पल्ल्याच्या जुन्या मोटारसायकलीत एंजिनाच्या पोटात बसविलेले मूळ विद्युत् जनित्र निकामी झाल्यावर त्याऐवजी एंजिनाबाहेर मोटारगाडीच्या पद्धतीचे, पट्ट्याने फिरणारे जनित्र म्हणजेच आल्टरनेटर बसविला जातो. या क्रियेस जनित्राचे रूपांतर म्हणतात. रूपांतरानंतर विद्युत् पुरवठ्यात बिघाड आल्यास तो आल्टरनेटरचाच आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष आल्टरनेटरमध्ये नसून त्याला मोटारसायकलीशी जोडणाऱ्या तारा, सांधे, कप्प्या व पट्टा यांत असतो. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी पद्धतशीर मोजमाप करणे हा दोषशोधनाचा पाया होय. तसे न केल्यास खर्च वाया जातो आणि दोष तसाच राहून दूरच्या प्रवासात वाहन रस्त्यावर बंद पडण्याचा धोका उरतो.

रूपांतराची कारणे : या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जपानमधील होंडा कंपनीची गोल्ड विंग ही मोटारसायकल. तिचे पहिले प्रतिमान जीएल १००० हे १९७५ साली विक्रीस आले. त्यात ९९९ घ. सेंमी. क्षमतेचे, पाण्याने थंड होणारे, आडव्या चार सिलिंडरांचे एंजिन होते. १९८० मध्ये जीएल ११०० आणि १९८४ मध्ये जीएल १२०० ही प्रतिमाने आली. अमेरिकेतील लांबच्या प्रवासासाठी या गाड्या विशेष लोकप्रिय झाल्या. या तिन्ही प्रतिमानांत जनित्र एंजिनाच्या मागील आवरणात, गरम तेलाच्या सान्निध्यात असते. त्यातील स्थिर वेटोळ्यांचा भाग म्हणजे स्टेटर बदलावयाचा झाल्यास संपूर्ण एंजिन सांगाड्यातून खाली उतरवावे लागते. भागाच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त पडत असल्यामुळे एंजिनाच्या पुढील टोकाला कप्पी बसवून छोट्या मोटारगाडीचा आल्टरनेटर चालविण्याची युक्ती प्रचारात आली. अमेरिकी चालकांत ती ‘पुअर बॉय’ म्हणजे गरिबाचा उपाय या नावाने ओळखली जाते. १९८८ साली आलेल्या सहा सिलिंडरांच्या जीएल १५०० या प्रतिमानात निर्मात्यानेच मोटारगाडीच्या पद्धतीचा, एंजिन न उतरविता काढता येणारा आल्टरनेटर दिला.

दोन जनित्रांतील फरक : मूळ जनित्राचा फिरता भाग म्हणजे रोटर हा स्थायी चुंबकाचा असतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र कमी-अधिक करता येत नाही. त्यामुळे वेग वाढताच विद्युत् दाब वाढतो व अतिरिक्त प्रवाह नियामकाकरवी मंडलित करून उष्णतेच्या रूपात घालवावा लागतो. दिवे बंद असले, तरी स्टेटरवरील भार कमी होत नाही. सततच्या उष्णतेने तारांवरील निरोधक लेप जळतो व वेढे एकमेकांना किंवा लोखंडी गाभ्याला चिकटतात. स्टेटरच्या तीन पिवळ्या तारा प्लॅस्टिकच्या ज्या जोडातून बाहेर येतात, तो जोडही तापून वितळतो. मोटारगाडीच्या आल्टरनेटरमध्ये याउलट रोटरवर क्षेत्र वेटोळे असते व त्याला ब्रशांतून प्रवाह पुरविला जातो. नियामक हा क्षेत्रप्रवाह गरजेप्रमाणे बदलतो. म्हणून गरजेइतकीच वीज निर्माण होते. [→ विद्युत् जनित्र].

जीएल १००० चे मूळ जनित्र सुमारे ३०० वॉट शक्तीचे आहे, म्हणजे १४ व्होल्ट दाबाला सुमारे २१ अँपिअर. ४० अँपिअरचा छोटा आल्टरनेटर त्याच दाबाला ५६० वॉट देऊ शकतो. मात्र त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास पूर्ण भाराच्या वेळी पट्ट्याला सुमारे १ किलोवॉट यांत्रिक शक्ती वाहून न्यावी लागते. रूपांतराचे लाभ व त्यातील नवे दोष या दोन्हींचे मूळ येथे आहे.

जोडणीची रचना : आल्टरनेटरचे मुख्य अग्र जाड तारेने थेट विद्युत् घटमालेच्या म्हणजे बॅटरीच्या धन अग्राला जोडतात. मोटारसायकलीची मूळ मुख्य वितळतार ३० अँपिअरची असते. तिच्यातून व मूळच्या बारीक तारांतून ५० अँपिअरपर्यंतचा प्रवाह नेणे धोक्याचे असते. त्यासाठी ८ ते १० चौ. मिमी. छेदाची नवी तार आणि आल्टरनेटरच्या कमाल प्रवाहापेक्षा थोड्या अधिक क्षमतेची वितळतार वापरतात. ही वितळतार घटमालेच्या जवळ असावी. कारण तार घासून सांगाड्याला टेकल्यास आग लावू शकणारा मोठा प्रवाह घटमालेकडूनच येतो.

नियामक आल्टरनेटरच्या आतच असेल, तर मुख्य अग्राशिवाय सूचक दिव्याचे अग्र असते आणि पुष्कळदा दाब जाणणाऱ्या तारेचे व कळीतून येणाऱ्या प्रवाहाचे अशी आणखी अग्रे असतात. त्यांची मांडणी निर्मात्यानुसार बदलते. म्हणून त्या विशिष्ट आल्टरनेटरची जोडणी-आकृती पाहिल्याशिवाय तार जोडू नये. मूळ नियामक व एकदिशकारक काढून टाकतात. जुन्या तीन पिवळ्या तारा मात्र एकत्र बांधून ठेवू नयेत. रोटर एंजिनाबरोबर फिरतच असल्यामुळे त्या तारांवर दाब निर्माण होत राहतो, म्हणून प्रत्येक तारेच्या टोकाला स्वतंत्र निरोधन करावे लागते. स्टेटरचे वेढेच एकमेकांना चिकटलेले असतील, तर तारा मोकळ्या सोडूनही आत प्रवाह फिरून उष्णता निर्माण होते. असा स्टेटर एंजिन पुढे कधी उतरविले जाईल तेव्हा काढून टाकणे इष्ट असते.

दोषशोधनाचा क्रम : तपासणीची सुरुवात घटमालेपासून करतात. पूर्ण भारित १२ व्होल्ट शिसे-अम्ल घटमालेचा दाब काही तास विश्रांतीनंतर १२·६ ते १२·७ व्होल्ट असतो. १२·२ व्होल्टच्या आसपास ती निम्मी रिकामी व १२ व्होल्टखाली जवळजवळ रिकामी समजावी. सदोष किंवा रिकामी घटमाला ठेवून केलेली पुढची सर्व मोजमापे दिशाभूल करतात. म्हणून ती प्रथम बाहेरच्या भारकाने पूर्ण भारित करून घ्यावी.

दुसरी पायरी सूचक दिव्याची. कळ फिरवल्यावर एंजिन बंद असताना दिवा लागला पाहिजे व एंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. ज्या आल्टरनेटरांत क्षेत्र वेटोळ्याला प्रारंभिक प्रवाह या दिव्यातूनच मिळतो, त्यांत दिवा न लागणे म्हणजे ती वाट तुटलेली असणे होय. दिवा जळणे, तार तुटणे किंवा ब्रश झिजणे ही त्याची कारणे असतात. एंजिनाचा वेग एकदा बराच वाढविल्यावरच भारण सुरू होत असेल, तर प्रारंभिक प्रवाह अपुरा आहे असे समजावे. जुन्या तंतुदिव्याच्या जागी एलईडी बसविल्यास हा दोष हमखास दिसतो, कारण तिच्यातून फारच थोडा प्रवाह जातो. तिला समांतर योग्य रोधक जोडल्यास दोष नाहीसा होतो. एंजिन चालू असताना दिवा मंद पेटत राहिल्यास एखादा डायोड निकामी झाल्याचा किंवा मुख्य वाटेत दाब गळत असल्याचा संशय घ्यावा.

तिसऱ्या पायरीत एंजिन दर मिनिटास २,५०० ते ३,००० फेऱ्यांवर ठेवून दिवे लावतात व दोन ठिकाणी दाब मोजतात : एकदा आल्टरनेटरचे मुख्य अग्र व त्याचे कवच यांमध्ये आणि एकदा घटमालेच्या दोन अग्रांमध्ये. घटमालेवर साधारणतः १३·८ ते १४·५ व्होल्ट मिळावेत. दोन्ही ठिकाणी दाब १३ व्होल्टपेक्षा कमी असेल, तर दोष पट्टा, उत्तेजन किंवा आल्टरनेटर यांत आहे. आल्टरनेटरवर १४·३ व घटमालेवर १३·१ व्होल्ट असे आढळल्यास आल्टरनेटर निर्दोष असून वाटेत १·२ व्होल्ट नाहीसे होत आहेत. २५ अँपिअर प्रवाह असताना हा ऱ्हास ३० वॉट उष्णतेइतका आहे. मूळ जोड जसा वितळला तसाच नवा सांधाही वितळण्याच्या मार्गावर असल्याची ही खूण होय. अशा सांध्याचा रोध एक ओमच्या विसाव्या भागाहूनही कमी असतो. साधा ओममापक तो विश्वासार्हपणे दाखवू शकत नाही व सांधा चांगला असल्याचा निर्वाळा देतो. म्हणून भार चालू असताना प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांमधील दाब मोजणे हीच खरी परीक्षा ठरते. धन वाटेत हा ऱ्हास ०·३ व्होल्टच्या आत व ऋण वाटेत ०·२ व्होल्टच्या आत असावा. ऋण वाटेतील दोषाचे नेहमीचे कारण म्हणजे धारकपट्टीवरील रंग. आल्टरनेटरच्या कवचापासून घटमालेच्या ऋण अग्रापर्यंत स्वतंत्र तार घातल्यास तो दूर होतो.

अतिभारण : घटमालेवर १५ व्होल्ट किंवा अधिक दाब आढळल्यास नियामक बिघडला असे लगेच ठरवू नये. दाब जाणणारी तार कळीच्या पलीकडे, जुन्या तारांच्या जुडग्यात कोठेतरी जोडलेली असते व तेथे ०·८ व्होल्ट ऱ्हास होत असेल, तर नियामक आपल्या टोकाशी १४·२ व्होल्ट राखण्यासाठी घटमालेवर १५ व्होल्ट निर्माण करतो. नियामक आपले काम चोख करतो, पण त्याला चुकीची माहिती मिळत असते. ही तार छोट्या वितळतारेसह थेट घटमालेला जोडल्यावर दाब पूर्ववत होतो. तरीही तो उतरला नाही, तरच नियामक बदलावा.

पट्टा व कप्प्या : भुजादंडावरील कप्पी १०० मिमी. व आल्टरनेटरवरील ६० मिमी. व्यासाची असल्यास आल्टरनेटर एंजिनाच्या १·६७ पट वेगाने फिरतो. म्हणजे ९०० फेऱ्यांच्या मंद चालीस तो दर मिनिटास १,५०० फेरे करतो. या वेगाला बहुतेक आल्टरनेटर जेमतेम वीज देऊ लागतात, त्यामुळे मंद चालीत दाब थोडा उतरणे हा दोष नव्हे. भार वाढताच दाब उतरणे, किंकाळीसारखा आवाज व आजूबाजूला काळी भुकटी ही पट्टा घसरत असल्याची लक्षणे होत. पट्टा ताणण्यापूर्वी दोन्ही कप्प्या एका प्रतलात आहेत की नाही ते सरळ पट्टी लावून पाहावे. प्रमाणाबाहेर ताणल्यास आल्टरनेटरच्या धारव्यांवर व भुजादंडाच्या टोकावर अकारण भार पडतो. आल्टरनेटर उलट तोंडाने बसविल्यास रोटर विरुद्ध दिशेने फिरतो. वीजनिर्मितीत त्याने फरक पडत नाही, पण तिरप्या पात्यांचा पंखा हवा नीट खेचत नाही व आल्टरनेटर तापतो. गोल्ड विंगच्या चार सिलिंडरी एंजिनात झडपा चालविणारे दातेरी पट्टेही पुढच्याच बाजूस असतात. ते तुटल्यास झडपा दट्ट्यांवर आपटून वाकतात. म्हणून नव्या पट्ट्याचा तुटका तुकडा त्यांच्या आवरणात शिरणार नाही आणि कप्पीचा बोल्ट सैल होणार नाही, याची खात्री करणे आवश्यक असते.

इतर दोष : घटमालेवर व्होल्टमापकाच्या प्रत्यावर्ती पट्टीत ०·५ व्होल्टहून अधिक तरंग दाब आढळल्यास एकदिशकारकातील डायोड सदोष असतो. कळ बंद असताना काही मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहत असेल, तर डायोड गळत आहे किंवा उत्तेजनाची तार कळीऐवजी कायम जिवंत तारेला जोडली आहे. क्षेत्र वेटोळे ४ अँपिअर घेत राहिल्यास २० अँपिअर-तास क्षमतेची घटमाला पाच तासांत रिती होते. कळ बंद करूनही एंजिन चालूच राहिल्यास दिव्याच्या तारेतून प्रज्वलन मंडलाला उलटा पुरवठा होत असतो. त्या तारेत एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा डायोड घातल्याने तो थांबतो. आल्टरनेटरची परीक्षा म्हणून चालू एंजिनात घटमालेची तार सोडविण्याची जुनी रीत मात्र सर्वथा वर्ज्य आहे. त्या क्षणी उसळणाऱ्या दाबाने नियामक, डायोड व इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

रूपांतराची मर्यादा : भारण वाटेत बंद पडल्यास वाहन केवळ घटमालेवर चालते. प्रज्वलन, पुढचा व मागचा दिवा यांना मिळून १० अँपिअर लागतात असे धरल्यास २० अँपिअर-तासांची घटमाला हिशोबाने दोन तास व प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ पुरते. म्हणून रूपांतरित मोटारसायकलीवर व्होल्टमापक कायम बसविणे आणि जादा पट्टा व वितळतार बरोबर ठेवणे हिताचे असते. मूळ जनित्र बिघडले की एंजिन उतरविण्यावाचून गत्यंतर नसे. रूपांतरानंतरचे बहुतेक दोष चालकाला व्होल्टमापक व नेहमीची हत्यारे यांच्या साहाय्याने रस्त्याच्या कडेला शोधता व दुरुस्त करता येतात.