सावलीतली सम्राज्ञी

'एम्प्रेस वू' हे होस्टा या मोठ्या पानांच्या झाडाचं वाण अमेरिकेत २००८ साली नोंदवलं गेलं. चीनच्या सम्राज्ञीचं नाव त्याला शोभतं: एकेक पान सुमारे दीड फूट लांब आणि पूर्ण वाढलेला ठोंब जवळजवळ चार फूट उंच! पण हा थाट पहिल्या वर्षी दिसत नाही. त्यासाठी निदान पाच वर्षं धीर धरावा लागतो, आणि तेवढी वाट पाहण्याजोगंच हे झाड आहे.

होस्टा मूळची जपान, कोरिया, चीनकडची. जपानमध्ये तिचे वसंतातले कोवळे कोंब 'उरुई' या नावाने भाजी म्हणून खातात.

मोठ्या पानांना सावली हवी, पण मिट्ट काळोख नको. सकाळचं कोवळं ऊन मानवतं. खरी गरज पाण्याची. मेपलसारख्या उथळ मुळांच्या झाडाखाली लावलेली होस्टा तहानेने खुरटते. म्हणून खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त घ्यावा, त्यात भरपूर पानकुजीचं खत मिसळावं. निळसर वाणांचा रंग म्हणजे पानावरचा मेणाचा पातळ थर. कडक उन्हात तो विरतो आणि पान हिरवं दिसू लागतं.

गोगलगायी रात्रीत पानांची चाळण करतात. हरणं तर देठच शिल्लक ठेवतात.

हिवाळ्यात जमिनीवरचा सगळा पसारा सुकून जातो. काही आठवड्यांची ती थंड झोप होस्टाला लागतेच. त्यामुळे मुंबई-कोकणच्या उबदार हवेत ती रमत नाही. तिथल्या सावलीत मोठ्या पानांची हौस अळू भागवतो.