बाळाचे नाक वाजते तेव्हा...

दीड-दोन महिन्यांचे बाळ झोपेत घुरघुरू लागले की घरात काळजी सुरू होते. "छातीत कफ भरलाय," असे आजी म्हणते. ताप नसतो, बाळ दूधही नीट पिते. पण आवाजाने सगळ्यांची झोप उडते. हा आवाज बहुतेक वेळा नाकातला असतो.

तान्ही मुले पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाकातली वाट मात्र फारच अरुंद असते. त्यात थोडासा शेंबूड साठला तरी आवाज येतो आणि बाळाला नाक शिंकरता येत नाही. पाठीवर हात ठेवला तर ही घरघर हाताला जाणवते, म्हणून ती छातीतली वाटते.

औषधाच्या दुकानात साध्या सलाइनचे, म्हणजे मीठपाण्याचे, नाकात घालायचे थेंब मिळतात. पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालावेत आणि बाहेर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपावा. मोठ्यांचे चोंदलेले नाक मोकळे करणारे औषधी थेंब बाळाला घालू नयेत. तेल-तूप नाकात सोडू नये. ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापराची पुरचुंडी नको आणि धुरीही नको. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले आहे.

मग डॉक्टरांकडे कधी न्यायचे? त्यासाठी आवाजापेक्षा श्वासाकडे पाहा. बाळ शांत असताना झबले वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असले, तर तो जलद श्वास समजतात. दोन महिन्यांखालील बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा सुरू होणे लहान बाळांत आढळते. मात्र २० सेकंद थांबणे धोक्याचे.

श्वास जलद असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तरीही लगेच दवाखाना गाठा.

काही बाळांचा श्वास आत घेताना दरवेळी आवाज येतो आणि उताणे झोपवल्यावर तो वाढतो. स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असल्याने असे होऊ शकते. बहुतेकांचा हा त्रास वर्ष-दीड वर्षात जातो, तरी एकदा डॉक्टरांना दाखवावे.

घुरघुरणारे, पण पोटभर पिऊन खेळणारे बाळ पाहून घाबरू नका. उलट, काहीच आवाज न करता धापा टाकणारे बाळ घरी ठेवू नका.